ओपनिंग पाठ आहे, तरी पंधराव्या खेळीपर्यंत डाव हातचा जातो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून इथे हा खेळ रुजवला, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटू इथूनच पुढे गेल्या. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्याही स्पर्धेच्या हॉलबाहेर उभं राहा, भडंगाची पुडी हातात घेऊन आईबाप आपापल्या मुलांच्या डावांबद्दल बोलत असतात. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, ह्याचं ओपनिंग बदलू या का?" ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या.

गेली अनेक वर्षं मी फेरी संपल्यावर मुलांचे डाव बघतोय. मिरज, तासगाव, इस्लामपूर, विटा, कुठूनही आलेलं मूल असो, दुखणं बहुतेक वेळा तेच निघतं आणि ते ओपनिंग बदलून जात नाही. म्हणून तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवतो. जे फुकटात आणि पाच मिनिटांत होतं ते आधी, ज्याला महिने लागतात ते शेवटी. हा क्रम मोडू नका. वरच्या पायऱ्या सोडून थेट नवं ओपनिंग, महागडा कोर्स किंवा दुसरा क्लास याकडे गेलेल्या मुलांचं तेच दुखणं पुढच्या स्पर्धेत नव्या नावानं परत येतं.

लक्षणं

पहिल्या सात-आठ खेळ्या भराभर होतात आणि मग एका खेळीला मूल वीस-वीस मिनिटं बसून राहतं. डाव हरून बाहेर आल्यावर म्हणतं, "त्यानं पुस्तकातलं खेळलंच नाही." घरी किंवा क्लासमध्ये हेच ओपनिंग घडाघडा मांडून दाखवतं. बारा ते अठरा खेळ्यांच्या आसपास एखादा मोहरा जातो आणि त्या वेळी राजा अजून मधल्या पट्टीतच असतो. पहिल्या दोन फेऱ्या जिंकून तिसऱ्या-चौथीपासून घसरगुंडी लागते. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे वर्षभरात ओपनिंग दोन-तीनदा बदललं, तरी हरण्याची तऱ्हा तीच राहिली.

तिसऱ्या फेरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आईवडील त्याचा अर्थ "मूल दमतं" असा लावतात. स्विस पद्धतीत सारखे गुण असलेले खेळाडू एकमेकांसमोर येतात. म्हणजे दोन डाव जिंकलेल्या मुलाला दोन डाव जिंकलेलाच मिळतो. पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धीही पुस्तक सोडूनच खेळतो, पण त्याची खेळी वाईट असते म्हणून निभावतं. चौथ्या फेरीतला मुद्दाम, विचार करून पुस्तक सोडतो. आपल्या मुलाला दोन्ही वेळी उत्तर ठाऊक नव्हतं, फक्त पहिल्या वेळी ते उघडं पडलं नाही.

एखादाच डाव असा गेला असेल तर काही करू नका. असे चार-पाच डाव एका माळेत असतील तरच पुढे वाचा.

पहिली तपासणी: स्कोअरशीट आणि एक पेन्सिल

शेवटच्या पाच हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहिलेले कागद, काढा. सापडत नसतील किंवा वाचता येत नसतील, तर तीच पहिली दुरुस्ती. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात बहुतेक ठिकाणी दर खेळीला तीस सेकंद वाढून मिळतात, तिथे शेवटपर्यंत खेळ्या लिहिणं बंधनकारकच आहे, तेव्हा कागद तुमच्याकडे असायलाच हवा. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावात, लिहावं लागत नाही, म्हणून त्या डावाच्या निदान पहिल्या पंधरा खेळ्या त्याच संध्याकाळी आठवून वहीत उतरवायच्या. सकाळपर्यंत त्या जातात.

आता पट मांडा, संगणक बंद ठेवा आणि प्रत्येक खेळीला मुलाला विचारा, "ही का खेळलास?" आवाज चढवू नका, ही उलटतपासणी नव्हे. "हा उंट बाहेर काढला म्हणजे किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजा सुरक्षित करणं) करता येतो" हे उत्तर झालं. "असंच असतं", "व्हिडिओत होतं", "सरांनी सांगितलंय" ही उत्तरं नाहीत. ज्या खेळीला पहिल्यांदा असं काही ऐकू येईल तिच्याभोवती गोल करा. मग जिथे मोहरा गेला किंवा राजा उघडा पडला, तिथे फुली मारा.

गोल आणि फुली यांच्यातल्या अंतरातच निदान आहे. गोल आठव्या खेळीला आणि फुली दहाव्या-अकराव्याला असेल तर पाठांतर संपल्यासंपल्या डाव पडतोय. पुढच्या तपासण्या अशाच मुलांसाठी आहेत. गोल तिसऱ्या खेळीलाच पडला तर मुलाला ओपनिंग शिकवलंच गेलेलं नाही, खेळ्यांची यादी तेवढी दिलेली आहे. आणि गोल कुठेच नाही, प्रत्येक खेळीचं कारण नीट सांगतोय, तरी फुली आहेच, तर ओपनिंगचा प्रश्नच संपला. ते मूल खेळ्या मोजण्यात, म्हणजे "मी हे, तो ते, मग मी ते" या हिशोबात कमी पडतंय. त्याला रोज दहा कोडी सोडवायला द्या आणि ओपनिंगला हात लावू नका.

पाचही डावांत गोल एकाच जागी पडतोय का, हेही पाहा. पडत असेल तर आनंदाची गोष्ट, कारण दुरुस्ती एकाच जागी करायची आहे.

दुसरी: घड्याळ

स्कोअरशीटवर खेळीशेजारी घड्याळातली वेळ लिहायची नियमात मुभा आहे. दर पाच खेळ्यांनी लिहायची सवय लावा. (खेळी मात्र आधी पटावर करायची, मग कागदावर लिहायची. आधी लिहून मग खेळणं नियमाविरुद्ध आहे आणि लहान मुलं हे फार करतात.)

नव्वद मिनिटं अधिक दर खेळीला तीस सेकंद असा डाव घ्या. दहा खेळ्यांत पाच मिनिटं वाढून मिळतात. दहाव्या खेळीनंतर मुलाच्या घड्याळात चौऱ्याण्णव मिनिटं दिसत असतील, तर त्यानं दहा खेळ्या मिळून एक मिनिट वापरलं. एवढ्या वेळात समोरच्याची खेळी डोळ्यांनी बघणंही होत नाही. समोरच्यानं नेहमीच्या घराऐवजी शेजारच्या घरात उंट ठेवला, तरी ह्याचा हात ठरलेल्या मोहऱ्याकडे गेलेला असतो. आणि हात लागला की तोच मोहरा चालवावा लागतो.

औषध साधं आहे. समोरच्याची खेळी झाली की हात मांडीखाली, आणि मनात एकच प्रश्न: "आता त्याला काय मारता येतंय?" पाचव्या खेळीला, दहाव्या खेळीलाही तेच, उत्तर पाठ असलं तरी. एका महिन्याच्या सरावात हे अंगवळणी पडतं. ज्या मुलांना मी फक्त एवढंच करायला लावलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्या तपासण्यांची गरजच उरली नाही.

तिसरी: नियमातली गफलत

हे झटक्यात होतं, पण करून टाका. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला लावला तर त्या खेळीत त्या बाजूला किल्लेकोट करता येत नाही, हत्तीच चालवावा लागतो, आणि राजा मधेच राहतो. दोन्ही हातांनी राजा-हत्ती एकदम उचलणारी मुलंही असतात. खेळी एकाच हातानं करायची असते, हे त्यांना घरीच सांगा.

आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकलेल्या मुलांत आणखी एक गोष्ट दिसते. देशी डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. त्यामुळे दोन घरं आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं जाता-जाता मारता येतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं नसतं. क्लासिकल डावात पहिल्या बेकायदा खेळीला समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि दुसरीला डाव जातो. आजोबांचं शिकवणं सोडू नका, त्यांनीच मुलाला पटाची गोडी लावली आहे. फक्त फरक एकदा दोघांना समोरासमोर बसवून दाखवा.

चौथी: ई२वरचा वजीर

इथे जरा थांबू या. (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८. मोहऱ्याचं नाव न घेता नुसतं "ई४" म्हटलं, तर प्यादं त्या घरात गेलं.) सगळ्यात जास्त डाव मी इथे पडताना पाहतो, आणि इथलं उदाहरण खुद्द विश्वनाथन आनंदचं आहे.

१९८८, स्वित्झर्लंडमधलं बील. आनंद अठरा वर्षांचा, आदल्या वर्षीचा ज्युनिअर विश्वविजेता, नुकताच भारताचा पहिला ग्रँडमास्टर झालेला. समोर पांढऱ्या मोहऱ्या घेऊन कोलंबियाचा अलोन्सो झपाटा. डाव पेट्रॉफ बचाव या ओपनिंगचा. पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा एफ६. पांढऱ्यानं घोड्यानं ई५चं प्यादं मारलं, काळ्यानं डी६ करून त्याला हाकललं. घोडा परत एफ३वर, आणि काळ्या घोड्यानं ई४चं प्यादं मारलं. पाचवी खेळी पांढऱ्याची, दुसरा घोडा सी३. आनंदनं उंट एफ५वर आणला, ई४च्या घोड्याला आधार म्हणून. दिसायला सरळ, नीट खेळी. झपाटानं वजीर ई२वर ठेवला आणि आनंदनं डाव सोडला. सहा खेळ्यांत.

पट मांडून बघा, आठवणीवर सोडू नका. ई पट्टीतली दोन्ही प्यादी गेलेली आहेत. पांढरा वजीर ई२वर, काळा घोडा ई४वर, काळा राजा ई८वर, सगळे एका रेषेत. घोडा हलला तर राजाला शह बसतो, म्हणून तो हलूच शकत नाही. त्याच्यावर आता घोडा आणि वजीर असा दुहेरी मारा आहे आणि राखण एकट्या उंटाची. डी५ करून आधार वाढवावा, तर पांढरा डी३ खेळतो आणि बांधलेला घोडा प्याद्याच्या तोंडी जातो. वजीर ई७वर आणून रेषा अडवावी, तर घोडा डी५वर येऊन वजिरालाच हाकलतो आणि मग डी३ आहेच. एक मोहरा जाणार हे नक्की.

मग एवढा मोठा खेळाडू तिथे गेला कसा? आदल्याच वर्षी टोनी माइल्स आणि लॅरी ख्रिश्चनसन या ग्रँडमास्टरांच्या डावात हीच एफ५वरची उंटाची खेळी झाली होती. माइल्सनं ई२वर वजीर आणला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. तो छापून आलेला डाव आनंदनं पाहिला होता. म्हणजे खेळी "पुस्तकातली" होती. पुढे पाच वेळा विश्वविजेता झालेल्या माणसाचाही छापील खेळीवर विश्वास टाकून सहा खेळ्यांत डाव गेला, तर आपल्या मुलानं व्हिडिओतल्या खेळीला "का?" विचारलंच पाहिजे. हा डाव मी प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यातच दाखवतो. मुलं गंभीर होतात, आणि त्यांचा धीरही वाढतो, कारण आनंद त्यातून उठून कुठवर गेला हे त्यांना माहीत असतं.

ई२वरचा वजीर आणखी दोन ठिकाणी भेटतो. ही दोन्ही ठिकाणं आपल्याकडच्या स्पर्धांत वारंवार येतात.

त्याच पेट्रॉफमध्ये, पांढऱ्यानं ई५ मारल्यावर मूल डी६ न करता लगेच घोड्यानं ई४ मारतं, "त्यानं माझं मारलं, मी त्याचं मारलं" म्हणून. पांढरा वजीर ई२वर येतो. घाबरून काळा घोडा एफ६वर परततो. मग पांढरा घोडा ई५वरून सी६वर जातो, वजिराचा शह उघडतो आणि त्याच घोड्याच्या टप्प्यात काळा वजीर असतो. वजीर गेला.

दुसरं ठिकाण कॅरो-कान या ओपनिंगमध्ये. ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, काळ्यानं ई४ मारलं, घोड्यानं परत मारलं, काळा घोडा डी७. इथे पांढरा पाचवी खेळी वजीर ई२ करतो. पाठ केलेल्या मुलाला ती अडाणी वाटते, कारण पांढऱ्यानं आपल्याच उंटाची वाट अडवली. म्हणून तो न बघता दुसरा घोडा एफ६वर आणतो, आणि पांढरा घोडा डी६वर येऊन मात करतो. ई७चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण ते वजीर आणि राजा यांच्यामध्ये बांधलं गेलंय. सहाव्या खेळीला, स्वतःच्याच मोहऱ्यांनी वेढलेला राजा मात.

तपासणी अशी: हरलेल्या डावांत फुलीच्या आसपास ई पट्टी मोकळी (दोघांचंही प्यादं नाही) किंवा अर्धी मोकळी (एकाचंच प्यादं उरलंय) होती का? आपला राजा अजून ई८ किंवा ई१वर होता का? दोन्हीची उत्तरं "हो" असतील तर दुखणं सापडलं. नियम करून टाका, की ई पट्टीतलं प्यादं हललं किंवा मारलं गेलं की पुढच्या प्रत्येक खेळीआधी राजा, वजीर आणि मधला मोहरा ही रेषा डोळ्यांनी एकदा वरून खाली वाचायची. आणि समोरच्याची खेळी विचित्र वाटली तर जास्त वेळ घ्यायचा, कमी नव्हे.

पाचवी: क्रम बदलला की काय बदलतं

मुलं खेळ्या ओळीनं पाठ करतात. स्पर्धेत ओळ तुटते. समोरच्यानं तीच खेळी दोन चाली आधी किंवा नंतर केली तर आपलं उत्तर बदलतं का, हे कारण ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

इटालियन ओपनिंग घ्या. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. आता काळ्यानं उंट सी५ केलं आणि पांढऱ्यानं घाईनं घोडा जी५ केला, तर काळा वजीर तो घोडा फुकट खातो. पण काळ्यानं तिसरी खेळी घोडा एफ६ केली, तर त्या घोड्यानं स्वतःच्याच वजिराची तिरकी वाट अडवली. आता जी५वरचा पांढरा घोडा सुरक्षित आहे आणि उंटासोबत त्याची नजर एफ७वर आहे. खेळी एकच, पण एका डावात घोडचूक आणि दुसऱ्यात खरा हल्ला. एवढं एक कारण समजलं की मूल यादीवर अवलंबून राहत नाही.

पुढे काळा डी५ करतो, पांढरं प्यादं ते मारतं, आणि इथे मुलांचा हात आपोआप डी५वर घोड्यानं परत मारायला जातो. "त्यानं मारलं की आपण मारायचं" ही सवय. मग पांढरा घोडा एफ७वर पडतो, राजानं तो मारावा तर वजीर एफ३वर येऊन राजा आणि डी५चा घोडा एकदम धरतो. काळ्या राजाला घोडा राखायला ई६वर, भर मैदानात यावं लागतं. मोठे खेळाडू तिथून कधी कधी तगतात, दहा वर्षांचं मूल तगत नाही. म्हणून परत न मारता घोडा ए५वर नेऊन सी४च्या उंटाला हाकलायचं. प्यादं कमी राहतं, पण मोहरे भराभर बाहेर येतात. कडेचा घोडा वाईट असतो असं आपणच शिकवतो, त्यामुळे ही खेळी मुलांच्या गळी उतरत नाही. कारण सांगितलं, की एफ७वर रोखलेल्या दोन मोहऱ्यांपैकी एक त्यानं हटतो, तर उतरते.

लंडन पद्धतीचं दुखणं वेगळं आहे. "समोरचा काहीही खेळो, तुम्ही हेच मांडा" असं सांगून ती विकली जाते, आणि आपल्या भागात आता निम्मी मुलं पांढऱ्यानं तीच खेळतात. डी४, उंट एफ४, ई३, सी३, घोडे, किल्लेकोट. पण उंट सी१ सोडून गेला म्हणजे बी२चं प्यादं उघडं पडलं. काळा सी५ आणि वजीर बी६ खेळतो तेव्हा मूल न बघता पुढची ठरलेली खेळी करतं आणि बी२ जातं. सी३ झालेलं असेल तर वजीर बी३वर नेऊन सरळ समोर उभा करता येतो, हे ठाऊक हवं. काळ्यानं डी६ केलं असेल तर तो ई५ करून एफ४च्या उंटाला पुढे कधीतरी हाकलणार, आणि घोडा एच५वर आणून त्या उंटाला मारायला येणार. तेव्हा एच३ करून उंटाला एच२चं घर आधीच मोकळं करून ठेवायचं. एच३ केव्हा करायची हे काळ्याच्या खेळीवर ठरतं, यादीतल्या क्रमांकावर नाही. लंडन चांगलं ओपनिंग आहे, मी ते मुलांना शिकवतो. पण न बघता खेळण्यासाठी नाही.

सहावी: पुस्तक संपल्यावर पुढे काय?

इथून पुढचं काम आठवड्यांचं आहे. बाराव्या खेळीची स्थिती पटावर मांडा आणि मुलाला विचारा, "आता तुझं कुठलं प्यादं पुढे जायला हवं?" उत्तर नसेल तर ओपनिंग अर्धंच शिकलंय.

कॅरो-कानमध्ये पांढरा तिसऱ्या खेळीला ई५ करून प्यादं पुढे दामटतो. काळा उंट एफ५ आणि ई६ करतो, आणि मग मुलं तिथेच घोटाळतात. डी४चं प्यादं ई५चा पाया आहे, पायावर मारा करायला सी५ हवं. पण मूल म्हणतं, "सर, आत्ताच तर सी६ खेळलो, परत त्याच प्याद्याला कसं हलवू?" एकच मोहरा दोनदा हलवू नये हे त्याला शिकवलेलं असतं. नियम आहे, पण इथे कारण त्याहून मोठं आहे. सी५ न करणारी मुलं पंचवीस खेळ्या दबून खेळतात आणि शेवटी गुदमरून हरतात. स्कोअरशीटवर ही मुलं लगेच ओळखू येतात: मोहरा कुठेच गेलेला नसतो, फुली मारायला जागा सापडत नाही, तरी डाव गेलेला असतो.

प्रत्येक ओपनिंगसाठी दोनशे पानी वहीत तीन ओळी लिहून घ्या: माझं कोणतं प्यादं पुढे जाणार, माझा कोणता मोहरा आळशी आहे आणि तो कुठे न्यायचा, कोणत्या मोहऱ्यांची अदलाबदल मला हवी. मुलाच्या अक्षरात, मुलाच्या शब्दांत. छापील नोट्स चिकटवू नका.

सातवी: स्वतःची फाइल

सगळ्यात किचकट काम हे. लिचेस या संकेतस्थळावर फुकट स्टडी (डाव आणि टिपा साठवायची फाइल) बनवता येते, स्टॉकफिश हा डाव तपासणारा संगणक-प्रोग्रॅमही तिथे फुकट आहे. पण क्रम सांभाळा. आधी मुलाचं मत, मग वहीतलं कारण, त्यानंतर संगणक. संगणक आधी लावला की मूल आकडा (कोण किती प्याद्यांइतकं पुढे आहे) वाचतं, पट वाचत नाही. बाराव्या खेळीला अर्ध्या प्याद्याच्या आतबाहेरचा फरक दाखवत असेल तर त्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. त्या फरकावर मुलांचे डाव ठरत नाहीत.

फाइलमध्ये फक्त स्वतःचे खेळलेले डाव घाला आणि प्रत्येक डावातली गोल केलेली जागा दुरुस्त करा. सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी इथे तीच तीच मुलं पुन्हा समोर येतात, एकमेकांचं ओपनिंग ओळखून असतात. म्हणून चौथ्या-पाचव्या खेळीला एखादा पर्याय तयार ठेवा. एका ठिकाणचा बदल पुरतो, अख्खं ओपनिंग फेकायचं कारण नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डाव चालू असताना काही वाद झाला, समोरचा हात लावून नाकारतोय किंवा घड्याळ बिघडलंय, तर मुलानं स्वतः भांडू नये. घड्याळ थांबवावं, हात वर करावा आणि पंचांना बोलवावं. आईवडिलांनी पटाजवळ जाऊ नये, त्यानं मुलाचंच नुकसान होतं.

पहिल्या पाच तपासण्या नीट करून दोन-तीन स्पर्धा झाल्या आणि फुली तिथेच राहिली, तर घरच्या घरी आणखी खोदू नका, प्रशिक्षकाकडे जा. मुलाचं मानांकन (रेटिंग) अठराशेच्या आसपास पोहोचलं असेल तर थेटच जा, कारण तिथे समोरचे खेळाडू डाव शोधून, तयारी करून येतात आणि त्याला उत्तर द्यायला तयारीचा अनुभव असलेला माणूस लागतो. प्रशिक्षक निवडताना एकच बघा: तो मुलाचे हरलेले डाव आधी मागतो की आल्याआल्या नवं ओपनिंग सुचवतो. पहिला निवडा.

आणि काही गोष्टींत प्रशिक्षकाचंही काम नाही. मूल पलीकडच्या टोकाचं घर चुकीचं लिहितंय, डोकं दुखतं म्हणतंय, पटावर फार वाकून बसतंय, तर डोळे तपासून घ्या. फेरीआधी उलट्या होतात, रात्री झोप लागत नाही, हरल्यावर दोन-दोन दिवस जेवत नाही, तर स्पर्धा थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. पुढच्या स्पर्धेची फी भरली असली तरी. ओपनिंगची वही तोवर कपाटात राहू द्या.

प्रशिक्षकाकडे जाताना पाच हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट, त्यांवरच्या गोल-फुल्या तशाच ठेवून, सोबत न्या. एक जिंकलेला डावही न्या. पुष्कळदा गोल त्यातही त्याच खेळीला पडलेला असतो.